कॉर्नेलची सात मुलं आणि अल्फा फाय अल्फा : नुसतं अभ्यास मंडळ का पुरलं नाही?

नदीकाठ

१९०४-०५ चं वर्ष संपलं आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत. मुळात तिथे अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली सहा गळली. मागे राहिलेल्यांना कळून चुकलं की असं सुटं सुटं राहून आपला टिकाव लागायचा नाही. मग १९०५-०६ मध्ये ती एकत्र बसायला लागली. अभ्यास करायचा, कुणी निबंध वाचायचा, त्यावर चर्चा करायची. सी. सी. पॉइंडेक्स्टर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने पुढाकार घेतला होता. मंडळ व्यवस्थित चाललं होतं.

तरीही ४ डिसेंबर १९०६ ला त्या मुलांनी ठरवलं की आपण फ्रॅटर्निटीच, म्हणजे शपथेने बांधलेली विद्यार्थ्यांची बंधुसंघटनाच, व्हायचं. नाव अल्फा फाय अल्फा. आज संस्थापक म्हणून सात जणांची नावं घेतात : हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज केली, नॅथॅनियल मरे, रॉबर्ट ओगल आणि व्हर्टनर टँडी. पॉइंडेक्स्टर त्यांत नाही. वाङ्मयीन मंडळ पुरेसं आहे असं त्याचं म्हणणं होतं.

माझा प्रश्न हा आहे. अभ्यास होत होता, सोबत मिळत होती. मग ग्रीक अक्षरं, दीक्षाविधी, शपथा, गुप्तता हे सगळं त्या मुलांनी अंगावर का घेतलं? माझं मत आधीच सांगते : घेतलं ते योग्य केलं. अभ्यास मंडळ यंदाच्या मुलांना उपयोगी पडतं. मुलं पदवी घेऊन गेली की ते विस्कटतं. फ्रॅटर्निटीत माणूस कॉलेज सोडल्यावरही सदस्य राहतो, म्हणून आधी गेलेला मागून येणाऱ्याला बांधलेला राहतो. ज्यांच्या घरात आधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, त्यांना याचीच जास्त गरज असते.

तुम्हाला काय वाटतं?

चहाटपरी

वाचतोय. माझ्या आवडीचा विषय. रात्री सवडीने लिहितो, तोवर जागा धरून ठेवतो.

मास्तर_सोलापूरकर

नदीकाठ, धागा उत्तम. पण मी पॉइंडेक्स्टरच्या बाजूचा.

थोडं मागे जाऊ. ग्रीक अक्षरांच्या नावाची अमेरिकेतली पहिली विद्यार्थी संघटना म्हणजे फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६, व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी कॉलेज. तिथेही गुप्त खूण, शपथ, विशिष्ट हस्तांदोलन होतं, आणि मुख्य काम काय, तर वादविवाद आणि निबंधवाचन. पुढे १८२५ ते १८२७ च्या दरम्यान न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कॅपा अल्फा, सिग्मा फाय, डेल्टा फाय या तीन संघटना निघाल्या आणि आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो तो साचा तयार झाला. फाय बीटा कॅपाने मात्र १८३० च्या आसपास गुप्तता सोडून दिली. ती गुणवंत विद्यार्थ्यांची मानाची संस्था झाली आणि आजही मानाने उभी आहे.

म्हणजे गुप्तता टाकूनही संस्था टिकते. मुलांना एकत्र बांधायला शपथ लागते असं मला वाटत नाही. चांगलं ग्रंथालय, नियमित बैठक आणि एक खमका चिटणीस एवढ्यावर संस्था शंभर वर्षं चालतात. सोलापुरात आम्ही पाहिल्या आहेत.

ठेचा_भाकर

आमच्या होस्टेललाही एक गुप्त संघटना होती. मेसच्या भेंडीविरुद्ध. शपथ घेतली होती, पण परीक्षेनंतर सगळे घरी गेले आणि भेंडी जिंकली.

रानजाई

मी इथाकाला, म्हणजे कॉर्नेलच्या गावी, शिकले आहे, म्हणून जागेबद्दल लिहिते. जागा कळल्याशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही असं मला वाटतं.

गाव खाली सपाटीवर आहे, विद्यापीठ वर टेकडीवर. मधे अंगावर येणारा चढ. जानेवारीत पदपथावर मीठ मारून ठेवतात, ते बुटाखाली कर्रकर्र वाजतं. सकाळच्या तासाला वर पोचेपर्यंत पापण्यांवर दव गोठलेलं असायचं. आम्हाला बस होती. १९०६ च्या त्या मुलांना वर राहायला जागा नव्हती. त्या काळी कॉर्नेलमध्ये मुलग्यांसाठी वसतिगृहं फारशी नव्हतीच. गोऱ्या मुलांपैकी पैसेवाले फ्रॅटर्निटीच्या मोठ्या घरांत राहायचे, बाकीचे खाणावळवजा घरांत खोल्या घ्यायचे. कृष्णवर्णीय मुलांना गावातली कृष्णवर्णीय कुटुंबंच ठेवून घेत. नॉर्थ अल्बनी रस्त्यावरचं ४२१ क्रमांकाचं घर त्यांतलंच. सुरुवातीच्या बैठका अशा घरांतून झाल्या. गावातलं सेंट जेम्स चर्च तर गुलामगिरीतून पळून येणाऱ्या माणसांचं आसऱ्याचं ठिकाण होतं.

आणखी एक गोष्ट. यांतली काही मुलं फी भागवायला गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटी हाउसमध्ये वाढप्याचं काम करायची. म्हणजे त्या घरांत काय चालतं हे त्यांनी ताटं उचलता उचलता पाहिलेलं होतं. एकत्र जेवण, एकत्र अभ्यास, थोरल्यांचा धाकट्यांना आधार, नोकरीसाठी ओळखी. मास्तर, तुम्ही ग्रंथालय आणि चिटणीस म्हणता. पण रोज संध्याकाळी दुसऱ्यांच्या पंगतीला वाढून रात्री तो उतार उतरून भाड्याच्या खोलीत परत जाणाऱ्या मुलाला ग्रंथालय पुरेल का?

केतकी_पुणे

रानजाई, काय लिहिलं आहेस! वाढप्याची गोष्ट माहीत नव्हती.

खडूस_काका

सगळे भारावलेले दिसतात म्हणून दुसरी बाजू मांडतो. फ्रॅटर्निटी या प्रकाराचं मला कौतुक नाही. याच कॉर्नेलमध्ये १८७३ साली, म्हणजे विद्यापीठ सुरू होऊन पाच वर्षं होतात न होतात तोच, एका फ्रॅटर्निटीच्या दीक्षाविधीत एका जनरलचा मुलगा रात्रीच्या अंधारात घळीत कोसळून मेला. ही कॉलेजांतल्या दीक्षाविधींच्या सुरुवातीच्या बळींपैकी एक नोंद. तेव्हापासून आजपर्यंत मुलं मरतच आहेत. दारू पाजतात, मारतात, रात्रभर जागवतात. कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटींतही हा रोग शिरला, मुलं जायबंदी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेला त्यासाठी देशपातळीवर कायदा करावा लागला. आपण महाराष्ट्रात १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला.

चांगल्या हेतूने का होईना, त्या सात जणांनी हाच साचा उचलला. साच्यासोबत त्याचं विषही येतं.

नदीकाठ

काका, रॅगिंगबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात दुसरी बाजू नाहीच.

पण साचा का उचलला याबद्दल एक गोष्ट सांगते. ओगलने 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्रात वाचलं की ओहायो स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची पाय गॅमा ओमिक्रॉन नावाची संघटना निघाली आहे. त्याने तिकडे पत्र टाकलं. विद्यापीठाच्या कचेरीतून उत्तर आलं की अशी कुठलीही संघटना आमच्याकडे नाही. मला ही हकीकत फार बोलकी वाटते. कुणीतरी आपल्याआधी हे केलं आहे का, हे ती मुलं शोधत होती. सापडलं नाही, म्हणून स्वतः सुरू केलं. आणि बघा, पुढे १९११ मध्ये त्याच ओहायो स्टेटमध्ये अल्फा फाय अल्फाची शाखा निघाली.

शिवाय वर्ष कुठलं होतं तेही पाहा. १९०६ च्या सप्टेंबरात अटलांटा शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्याच शरद ऋतूत ही मुलं इथाकात बसून घटना लिहीत होती. बंद दाराआड, फक्त आपल्या माणसांत बसून बोलायची गरज त्यांना का वाटली असेल, हे यातून कळतं. गुप्तता त्यांच्यासाठी खेळ नव्हती.

सातारी_कंदी

हे वाचताना मला आपल्याकडची बोर्डिंगं आठवली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. म्हणजे साल बघा, अगदी हाच काळ! कारणही तेच : शाळा-कॉलेज शहरात, मुलगा खेड्यातला, आणि त्याला जातीमुळे कुणी खोली देत नाही.

साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. तिथे तर सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. वहिनींनी, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. माझे आजोबा रयतच्या शाळेत शिकले. घरात अण्णांचा फोटो देवाशेजारी असायचा.

तर माझं म्हणणं, नदीकाठताई, डोक्यावर छप्पर आणि दोन वेळची भाकरी ही खरी गरज. ती भागवणारं काहीही चालतं, मग त्याला बोर्डिंग म्हणा नाहीतर फ्रॅटर्निटी.

बोधिवृक्ष_नांदेड

सातारी कंदी, तुमचा आदर राखून असहमती नोंदवतो.

बोर्डिंग आणि फ्रॅटर्निटी यांत मोठा फरक आहे. बोर्डिंग कुणीतरी मोठ्याने काढून दिलं. महाराजांनी, अण्णांनी, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात. त्या उपकारांचं मोल करता येणार नाही. मी स्वतः सरकारी वसतिगृहात राहून शिकलो आहे. पण तिथे मी लाभार्थी होतो. नियम दुसऱ्याने केलेले, यादी दुसऱ्याने लावलेली, ताट दुसऱ्याने वाढलेलं. पाणी चार-चार दिवस येत नसे तेव्हा अर्ज घेऊन साहेबांच्या दारात उभं राहायचं, आणि साहेब जेवायला गेलेले असायचे.

कॉर्नेलच्या मुलांमागे कुणी महाराज नव्हता. विशीतली मुलं, स्वतः भांडी विसळून फी भरणारी. त्यांनी स्वतःची घटना लिहिली, स्वतःचा अध्यक्ष निवडला, स्वतःची वर्गणी काढली. जॉर्ज केली पहिला अध्यक्ष. २९ जानेवारी १९०८ ला न्यूयॉर्क राज्यात रीतसर नोंदणीही करून घेतली. विद्यार्थी असताना संस्था चालवायला शिकला तो पुढे कुठल्याही दारात अर्ज घेऊन उभा राहत नाही. माझ्या मते सगळं मर्म इथे आहे, विधी आणि अक्षरं दुय्यम.

सातारी_कंदी

तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण अण्णांच्या बोर्डिंगात मुलंच स्वयंपाक करत, शेतात राबत, हिशेब ठेवत. ती नुसती लाभार्थी नव्हती. 'स्वावलंबी शिक्षण' हे रयतचं ब्रीद उगाच नाही.

मास्तर_सोलापूरकर

बोधिवृक्ष, विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली संस्था हवी तर मुंबईत या. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्यांतले. निबंध वाचता वाचता पोरांना वाटलं की बोलणं पुरे, काही करू. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि स्वतः फुकट शिकवायला उभे राहिले. जगन्नाथ शंकरशेटांनी मराठी मुलींच्या शाळेला आपल्या आवारात जागा दिली.

ना शपथ, ना गुप्त खूण. निबंधवाचनाच्या मंडळातून मुलींच्या शाळा! आता सांगा, पॉइंडेक्स्टरचं काय चुकलं?

बोधिवृक्ष_नांदेड

मास्तर, दाखला जबरदस्त आहे. पण त्या मुलांना मुंबईत राहायला घर मिळत होतं आणि शेटजींची जागाही मिळाली. ज्याला समाजात जागा आहे त्याला उघड मंडळ परवडतं.

मीनाक्षी_एडिसन

मंडळी, मी नेहमी नुसती वाचणारी. आज लिहिते कारण विषय घरात आला आहे. मुलगा यंदा विद्यापीठात गेला. परवा फोनवर म्हणाला, दक्षिण आशियाई मुलांची एक फ्रॅटर्निटी आहे, तिथले सीनियर फार चांगले आहेत, मी जाऊ का? त्याचे बाबा ऐकूनच नाही म्हणाले. मला काय म्हणावं सुचेना. वर काकांनी लिहिलं ते वाचून पोटात गोळा आला, आणि रानजाईने लिहिलं ते वाचून वाटलं की जाऊ द्यावं. इथे कुणाला अनुभव आहे का?

ठेचा_भाकर

मीनाक्षीताई, त्याला आधी विचारा तिथे भेंडी मिळते का. 🙂 बाकी जाणकार सांगतीलच.

केतकी_पुणे

मीनाक्षीताईंच्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी नीट द्या. मधल्या वेळात मी बायकांचा मुद्दा आणते, कारण इतक्या प्रतिसादांत सगळे भाऊच भाऊ.

अल्फा फाय अल्फाची दुसरी शाखा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०७ च्या डिसेंबरात निघाली. महिन्याभराच्या आत, १५ जानेवारी १९०८ ला, त्याच हॉवर्डमध्ये एथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी अल्फा कॅपा अल्फा ही कृष्णवर्णीय मुलींची पहिली सोरोरिटी काढली. पुढे १९१३ च्या जानेवारीत तिथल्याच बावीस मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली. त्यांचं पहिलं सार्वजनिक काम काय, तर ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालणं. कृष्णवर्णीय बायकांनी मोर्चात मागे चालावं असा आग्रह संयोजकांकडून होत असताना त्या मुली रस्त्यावर उतरल्या. संस्था काढून दोन महिने झाले नव्हते!

या मुलींच्या धाडसावर इतकं कमी लिहिलं जातं याचा मला राग येतो. अल्फाचा इतिहास सांगणाऱ्यांनी हॉवर्डचा हा भाग सोडू नये.

नदीकाठ

केतकी, बरं झालं लिहिलंस. हॉवर्डची शाखा कशी निघाली तेही सांगते.

युजीन किंकल जोन्स मूळचा व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. त्याचे वडील तिथल्या व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात प्राध्यापक, आणि तो स्वतः तिथेच शिकून मग कॉर्नेलला आलेला. १९०७ च्या नाताळच्या सुट्टीत त्याने वाटेत वॉशिंग्टनला थांबून हॉवर्डमध्ये बीटा शाखा काढली आणि वर्ष संपायच्या आत रिचमंडला व्हर्जिनिया युनियनमध्ये गॅमा शाखा. सुट्टीत घरी निघालेल्या मुलाने येता-जाता दोन शाखा उभ्या केल्या! पुढच्या वर्षी कॅनडात टोरंटो विद्यापीठात शाखा निघाली. १९०८ च्या डिसेंबरात हॉवर्डमध्ये पहिलं अधिवेशन भरलं. १९०९ मध्ये मिशिगन, येल, कोलंबिया. १९११ मध्ये लुइव्हिलला पदवीधरांची पहिली शाखा.

ही पदवीधरांची शाखा माझ्या मूळ मुद्द्याचा पुरावा आहे. पाच वर्षांत त्यांनी शिकून बाहेर पडलेल्यांची सोय केली. मास्तर, तुमच्या एल्फिन्स्टनच्या सभेचं मला मनापासून कौतुक आहे. पण गावोगावच्या विद्यार्थ्यांना आणि पदवीधरांना एकाच धाग्यात ओवणं तिला साधलं का?

चहाटपरी

आलो. जागा धरली होती ती भरतो.

या मुलांचं पुढे काय झालं ते पाहा. व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातला नोंदणीकृत असा पहिला कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाला. केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या मादाम सी. जे. वॉकर यांचा हडसन नदीकाठचा व्हिला लेवारो हा वाडा त्याने बांधला, १९१८ मध्ये पुरा झाला. हार्लेममधल्या सेंट फिलिप्स चर्चच्या इमारतीतही त्याचा हात. केली इंजिनिअर झाला. कॅलिस डॉक्टर होऊन हॉवर्डमध्ये शिकवू लागला. मरे शिक्षक, चॅपमन शेतीचा प्राध्यापक. जोन्सने नॅशनल अर्बन लीग ही संस्था दोन दशकांहून अधिक काळ चालवली. दक्षिणेतून शहरांत आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांना नोकरी आणि घर मिळवून देण्याचं तिचं काम. नाताळच्या सुट्टीत शाखा काढणाऱ्याला हे जमणारच होतं.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९३५ ची केस. डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय पदवीधराला मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा शाखेने वर्णामुळे प्रवेश नाकारला. अल्फा फाय अल्फा त्याच्या मागे उभी राहिली. तिचे वकील बेलफर्ड लॉसन, आणि सोबत चार्ल्स ह्यूस्टन व तरुण थर्गुड मार्शल. मार्शल स्वतः अल्फाचा सदस्य आणि बाल्टिमोरचा रहिवासी. घराजवळच्या या कायदा शाखेचं दार कृष्णवर्णीयांना बंद, म्हणून तो रोज आगगाडीने वॉशिंग्टनला जाऊन हॉवर्डमध्ये शिकलेला. त्याच शाखेविरुद्ध तो कोर्टात उभा राहिला आणि केस जिंकली. पुढे १९५४ चा, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकाच शाळेत बसू देण्याचा निकाल मिळवणारा आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेला तो हाच.

मार्टिन ल्यूथर किंग १९५२ मध्ये बॉस्टनला पीएचडी करताना अल्फात आले. २०११ मध्ये वॉशिंग्टनला त्यांचं स्मारक खुलं झालं, त्याची कल्पना याच फ्रॅटर्निटीने १९८४ मध्ये मांडली होती. सत्तावीस वर्षं एखादी गोष्ट लावून धरायची तर मागे संस्था लागते. अभ्यास मंडळाच्या आवाक्यातलं काम नव्हे हे. नदीकाठ, तुम्हाला +१.

खडूस_काका

नावं मोठी आहेत, मान्य. पण ज्यांना विद्यापीठात जाताच आलं नाही त्यांचं काय? १९१० मध्ये कॉलेजात गेलेले कृष्णवर्णीय किती होते? मूठभर. त्या मुठीतून पुन्हा निवडून घेतलेले म्हणजे चिमूटभर. अशा संस्था आपल्याच समाजात वरचा थर तयार करतात. डॉक्टराचा मुलगा, वकिलाचा जावई. शेतमजुराच्या पोराला दार बंदच.

बोधिवृक्ष_नांदेड

काका, हा आक्षेप खरा आहे आणि त्यांच्यातल्या लोकांनीही तो घेतला. त्याला दिलेलं एक उत्तर म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर अल्फाने हाती घेतलेली मोहीम : हायस्कूलला जा, कॉलेजला जा. सदस्य गावोगावी जाऊन मुलांना आणि आईबापांना शाळेबद्दल सांगत फिरायचे. १९३० च्या दशकात मतदार नोंदणीचं काम. १९४० च्या दशकात सदस्यत्वातली वर्णाची अटही काढून टाकली. थर तयार झाला हे खरं, पण त्या थराने खाली हात दिला की नाही, हेही बघायला हवं. आमच्याकडे शिकून पुण्या-मुंबईला गेलेल्यांतले किती जण परत वसतिगृहाकडे फिरकतात? मला हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

आणि आपला या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं कळलं, त्याच्या प्रती मिळाव्यात, अस्पृश्यांच्या बाजूनेही असं काही करायचा विचार आहे, असा मजकूर. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. हे डु बॉइसही अल्फा फाय अल्फाचेच सदस्य.

केतकी_पुणे

बोधिवृक्ष, या पत्राबद्दल वेगळा धागा काढा. नक्की.

रानजाई

मीनाक्षीताई, उशीर झाला, पण तुमचं विसरले नाही.

दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटी १९९० च्या दशकात निघाल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली सिग्मा बीटा रो १९९६ ची, टेक्ससमधली डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ची. घरून दूर आलेल्या मुलांना आपली माणसं हवी असतात, त्यातून निघालेल्या. माझे काही मित्र अशा ठिकाणी होते आणि आजही एकमेकांच्या घरच्या कार्याला धावून जातात.

पण काकांची भीती खरी आहे, ती बाजूला सारू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर रॅगिंगमुळे कारवाई झालेल्या संघटनांची यादी असते, ती तुम्ही स्वतः वाचा. मुलाकडून वर्गणी किती, सेमिस्टरला किती वेळ जाणार, सदस्यांचे मार्क कसे आहेत हे काढून घ्या. आणि नव्या मुलांना 'हे बाहेर कुणाला सांगायचं नाही' असं बजावतात का, हे नक्की विचारा. बजावत असतील तर तिथे पाठवू नका. १९०६ च्या मुलांना बंद दार लागत होतं कारण बाहेर त्यांच्या जिवावर उठलेले लोक होते. आज आईपासून लपवायला लागावं असं काही तिथे असता कामा नये.

मास्तर_सोलापूरकर

रानजाईच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा पाठिंबा.

नदीकाठ, मी अजून पॉइंडेक्स्टरला सोडलेलं नाही. संस्थापकांच्या यादीत जोन्सचं नाव पक्कं झालं ते १९५२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर शेहेचाळीस वर्षांनी. आणि ज्याने पहिल्यांदा मुलांना एका खोलीत बसवलं तो यादीत नाहीच. मतभेद झाला म्हणून त्याचं सुरुवातीचं श्रेय कमी होत नाही. मंडळ नसतं तर फ्रॅटर्निटी कुणाची झाली असती?

नदीकाठ

मास्तर, हे मला पूर्ण मान्य. पॉइंडेक्स्टरचं नाव या धाग्यात पहिल्या परिच्छेदात आहे ते त्याचसाठी. त्याने खोली दिली, बाकीच्यांनी तिला पुढच्या मुलांसाठी दार केलं. मला दोघेही हवेत. तरी ४ डिसेंबरला मी त्या बैठकीत असते तर मत फ्रॅटर्निटीलाच दिलं असतं.

मीनाक्षी_एडिसन

रानजाई, मनापासून आभार. आज यादी पाहिली, त्या संघटनेचं नाव तिथे नाही. मुलाला तुझा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. मराठी वाचता येत नाही, पण ऐकून कळतं. 'लपवायचं नाही' हे त्याला एकदम पटलं. म्हणाला, येत्या शनिवारी तिथल्या सीनियर मुलांना घरी जेवायला आणतो, तू आणि बाबा काय विचारायचं ते त्यांनाच विचारा. बाबा अजून तोंड फुगवून आहेत, पण पुरणपोळी करू का असं त्यांनीच विचारलं आहे.

ठेचा_भाकर

भेंडी नको करू म्हणजे झालं, ताई.

खडूस_काका

मीनाक्षीताई, घरी बोलावता आहात हे उत्तम केलंत. त्यांचा अध्यक्ष कोण आहे ते बघून घ्या आणि त्याचा फोन नंबर स्वतःकडे ठेवा. काय झालं ते इथे कळवा.